१९५५ की १९५६? आजोबांच्या मृत्यूची जुनी नोंद कुठे शोधायची (पूर्व खानदेश)

शहाद्याची सून

नमस्कार मंडळी. माझ्या आईच्या वडिलांच्या मृत्यूची नोंद शोधते आहे. नुसता दाखला मिळून भागणार नाही, तारीख पक्की हवी आहे. कारण सांगते.

आईचं माहेर जळगाव जिल्ह्यातलं. गावाचं नाव इथे लिहीत नाही, पण तालुका नंतर फुटून नवा झाला आहे. आजोबांच्या नावावर कोरडवाहू शेत होतं, कपाशी आणि ज्वारीचं. ते गेल्यावर १९५७ साली वारसांचा फेरफार झाला. त्यात दोन्ही मामांची नावं लागली, आजीचं लागलं, आई आणि मावशीचं लागलं नाही. तेव्हा मुलींची नावं लावायची रीतच नव्हती, त्याबद्दल आईने कधी तक्रार केली नाही. आता त्या शेतातून रस्ता जातो आहे आणि मोबदल्याचा विषय निघाला आहे. मामेभावांचं म्हणणं, आजोबा १९५५ च्या हिवाळ्यात गेले. आई म्हणते १९५६ च्या.

हे एक वर्ष किती मोठं आहे ते आम्हाला वकिलांनी सांगितल्यावर कळलं. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. त्याच्या आधी वडील गेले असतील आणि मुलगे हयात असतील तर मुलीला वारसा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये हेच सांगितलं आहे. त्या तारखेनंतर गेले असतील तर मुलगीही वारस.

हिवाळ्याबद्दल दोन्ही घरांत वाद नाही. ओसरीत वेचलेला कापूस पडलेला होता, तो बाजूला सारून बाबांना तिथे ठेवलं, हे आईला स्वच्छ आठवतं. प्रश्न फक्त कोणता हिवाळा एवढाच.

ग्रामपंचायतीत जाऊन आले. तिथली मृत्यूची रजिस्टरं १९७० नंतरची आहेत, त्याआधीचं काही नाही म्हणाले. त्यांनी कपाट उघडून दाखवलं, त्यामुळे खोटं बोलत नसावेत. फेरफाराची नक्कल माझ्याकडे आहे, पण मृत्यूच्या तारखेच्या जागी शाई पसरली आहे.

आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. परवा म्हणाली, "माझं नाव लागो न लागो, पण माझे बाबा कधी गेले ते दुसऱ्याने ठरवायचं नाही." म्हणून कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. कोणत्या कचेरीत जायचं आणि काय मागायचं?

जामनेरकर

ताई, एवढी जुनी वही कुठे सापडणार? त्यापेक्षा शपथपत्र करा, गावातल्या दोन म्हाताऱ्यांच्या सह्या घ्या आणि प्रांतांकडे उशिरा नोंदणीचा अर्ज द्या. आदेश झाला की ग्रामपंचायत नवीन दाखला देते. आमच्याकडे एकाने असंच केलं.

जुना ग्रामसेवक, साक्री तालुका

ताई, वरचा सल्ला सध्या बाजूला ठेवा. का ते पुढे सांगतो. मी धुळे जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून नोकरी केली आणि जन्म-मृत्यूची वही हे माझं रोजचं काम होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

ग्रामपंचायतीने तुम्हाला सांगितलं ते बरोबर आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ सालचा, आपल्या राज्यात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. ग्रामसेवक निबंधक झाला तो त्यानंतर. त्याच्या आधी गावातली नोंद पोलीस पाटील ठेवायचा आणि घरोघरची खबर कोतवाल आणायचा. म्हणून लोक त्या वहीला कोतवाल बुक म्हणतात. महसूलच्या भाषेत तो गाव नमुना १४. ही वही चावडीची आणि महसूलची, ग्रामपंचायतीची नव्हे. जुन्या वह्या पुढे तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जमा झाल्या. तिथे गावनिहाय रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे असतात. तुमच्या आजोबांची नोंद असलीच तर त्या रुमालात असेल.

२०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदी शोधल्या, तेव्हा हेच नमुना १४ चे रुमाल सोडून पानन् पान पाहिलं गेलं, कारण त्या वहीत जातीचा रकाना असतो. तुम्हाला त्याचा फायदा असा की जे रुमाल वर्षानुवर्षं कोणी हलवले नव्हते त्यांच्या याद्या झाल्या, बरीच पानं स्कॅनही झाली. "रेकॉर्ड नाही" असं तोंडी उत्तर आलं तर विचारा, कुणबी नोंदींच्या तपासणीत या गावाचा नमुना १४ कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत तपासला? त्याचा तक्ता कचेरीत झालेला असतो.

आता कोणती तहसील? जळगाव जिल्ह्यात फुटून झालेला तालुका म्हणजे धरणगाव किंवा बोदवड. धरणगावची गावं आधी एरंडोलात होती. तुमचं गाव त्यातलं असेल तर आधी एरंडोलला विचारा आणि मग धरणगावला, कारण तालुका फुटताना काही दप्तर हललं आणि काही जुन्या जागीच राहिलं. रुमालावर किंवा वहीच्या पुठ्ठ्यावर जळगाव जिल्हा लिहिलेलं नसेल. १९०६ साली खानदेशचे दोन भाग झाले, पूर्वेचं ठाणं जळगाव आणि पश्चिमेचं धुळे. तुमच्या आजोबांच्या काळात गाव पूर्व खानदेशातच होतं. "जिल्हा पूर्व खानदेश, तालुका एरंडोल, मौजे अमुक" असा मथळा शोधा. नंदुरबारकडच्या कुणाला हे उपयोगी पडणार असेल तर त्यांनी पश्चिम खानदेश शोधावं, नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ चा.

अर्जात एकच तारीख लिहू नका. "१९५४ ते १९५८ या कालावधीतील मौजे अमुकचा गाव नमुना १४ पाहण्यास मिळावा व संबंधित नोंदीची प्रमाणित नक्कल मिळावी" असं लिहा. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नसलेला अर्ज म्हणजे नुसती विचारपूस. हे कळकळीने सांगतो, कारण लांबून एसटीने आलेली माणसं "बघतो, पुढच्या आठवड्यात या" एवढ्यावर परत जाताना मी पाहिली आहेत. त्यांच्या हातात तो शिक्क्याचा कागद असता तर दुसऱ्या खेपेला कुणीतरी त्यांना उत्तर दिलं असतं.

वही समोर आली की आडनावाने शोधू नका. त्या काळी बहुतेक नोंदी "दगडू वलद ओंकार", म्हणजे ओंकारचा मुलगा दगडू, अशा, आडनावाशिवाय. बाई असेल तर "भ्रतार" लिहून नवऱ्याचं नाव. घरात बोलायचं नाव वेगळं असेल तर तेच चढलेलं असतं, कारण खबर देणारा कोतवाल त्याच नावाने ओळखायचा. म्हणून आधी महिना धरा, मग वय, मग जात, आणि शेवटी नाव. मृत्यूच्या कारणावर विसंबू नका, निम्म्या नोंदींत नुसतं "ताप" असतं. तुमचा हिवाळा पक्का आहे, हे फार मोठं काम आधीच झालेलं आहे. दोन्ही वर्षांचे ऑक्टोबर ते जानेवारी एवढीच पानं बारकाईने बघायची.

आता उशिरा नोंदणीबद्दल. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १३ खाली वर्ष उलटलेली नोंद करायला पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला, आणि मार्च २०२५ मध्ये शासनाने पुराव्यांची पद्धत बरीच कडक केली. ते सगळं करता येईलही. पण तो रस्ता मुळात नोंद झालीच नाही अशा माणसासाठी आहे. तुमच्या आजोबांची नोंद झालेली असण्याची शक्यता चांगली आहे. शिवाय इथे समोर विरोधी पक्ष उभा आहे. तुमच्याच आईच्या शपथपत्रावर आज १९५६ ची तारीख घालून दाखला आणलात तर समोरचे कोर्टात पहिला प्रश्न त्या तारखेवरच विचारतील. त्याउलट कोतवालाने १९५५-५६ साली लिहिलेली ओळ कुणाच्या फायद्यासाठी लिहिलेली नव्हती. तिचं वजन त्यातच आहे. आणि जुनी नोंद असताना नवी केलीत तर एका माणसाच्या दोन तारखा व्हायच्या, त्याचा त्रास वेगळाच.

धुळे कोर्ट रोड

वकिली करतो, म्हणून कायद्यापुरतं बोलतो. १७ जून १९५६ चा मुद्दा बरोबर आहे. त्यात एक भर: आजोबा त्या तारखेनंतर वारले असतील तर शेत त्यांनी स्वतः घेतलेलं होतं की वडिलोपार्जित, हेही बघावं लागेल, कारण त्यावर हिस्सा किती ते ठरतं. वडिलोपार्जित असेल तर मुलीला मुलाइतकाच हिस्सा देणारी २००५ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकालही विचारात येईल. मामांमध्ये २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटप किंवा कोर्टाचा हुकूमनामा झाला आहे का, तेही तपासा. फेरफाराची नोंद वारसा ठरवत नाही, ती महसूल वसुलीसाठी असते. म्हणून १९५७ च्या फेरफारात आईचं नाव नाही एवढ्याने हक्क गेला असं समजू नका.

त्याच फेरफारात तीन तारखा असू शकतात: मयताची, वर्दी दिल्याची आणि मंजुरीची. तुमच्या नकलेत पहिली शाईखाली गेली आहे. तलाठ्याकडची नक्कल तशी असेल तर भूमी अभिलेखच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर त्या गावाचे जुने फेरफार आहेत का बघा. स्कॅन मूळ पानावरून झालेलं असतं, नकलेत जे दिसत नाही ते कधी कधी पडद्यावर मोठं करून वाचता येतं.

उधना लोकल

ताई, मना बाप सुरतले वारना, म्हनीसन सांगस. आधी एक खात्री करा, आजोबा गावातच वारले ना? नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या गावात नाही. आमच्याकडे उधना-लिंबायतला अर्धं खानदेश आहे. माणूस सुरतेच्या दवाखान्यात जातो, त्याला गाडी करून गावी आणतात, अग्निडाग गावात, दहावं गावात, गंधमुक्ती गावात, आणि दाखला मात्र सुरत महानगरपालिकेचा, तोही गुजरातीत. वारस लावायला गेलं की घरच्यांना वाटतं ग्रामपंचायतीने नोंद हरवली. भुसावळच्या दवाखान्यात गेलेल्याची नोंद भुसावळलाच. तुमच्या आजोबांचा काळ जुना आहे, पण जळगाव-भुसावळला उपचाराला नेलं असेल तर तिकडची नगरपालिकाही बघा.

शहाद्याची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा घरीच गेले, आईसमोर. त्यामुळे गावच.

तालुका धरणगाव, आता लिहायला हरकत नाही. ग्रामसेवक काका, तुमचं वाचून आईला वाचून दाखवलं. "महिना धरा" ऐकल्यावर ती एकदम म्हणाली की बाबा गेल्यावर त्यांच्या नावाने पहिली घागर भरली त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, थोरला मामा शाळेतून काढलेला होता, कारण तो सालदाराबरोबर शेतावर जायला लागला होता. मामाला शाळेतून काढलं ते बाबा गेल्यामुळेच. हे काही कामाचं आहे का?

दुसरं, अस्थी नाशिकला नेल्या होत्या असं मावशी म्हणते. आणि नमुना १४ मोडीत असला तर तो वाचायचा कोणी?

जुना ग्रामसेवक, साक्री तालुका

कामाचं आहे, फार कामाचं आहे. आईला माझा नमस्कार सांगा.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल, तेव्हा ती लोकल बोर्डाची. शाळेत जनरल रजिस्टर असतं आणि ते कायम जपायचं दप्तर आहे. त्यात दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण, असे रकाने असतात. मामाच्या नावासमोर शाळा सोडल्याची तारीख १९५६ च्या पूर्वार्धातली असेल तर मामेभावांचं म्हणणं खरं ठरण्याकडे झुकतं. १९५७ ची असेल तर आईचं. निकाल आपल्याविरुद्ध जायचीही तयारी ठेवून मुख्याध्यापकांकडे उताऱ्याचा अर्ज द्या. मामांची मुलंही तोच उतारा मागू शकतात, त्यामुळे आधी तुमच्या हातात असलेला बरा.

नाशिकचं म्हणाल तर रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय नामावळीच्या वह्या ठेवतात. गाव आणि कुळ सांगितलं की तुमच्या घराण्याची वही कोणाकडे आहे ते कळतं. अस्थी घेऊन कोण आलं, कोणाच्या आणल्या, हे तिथे येणाऱ्यांच्या नावानिशी उतरवलेलं असतं, बऱ्याचदा तिथीसह. ही सरकारी नोंद नाही, पण नमुना १४ मध्ये कोणतं वर्ष उघडायचं ते ती सांगू शकते. तुमच्या कुळाचे भाट अजून गावात येत असतील तर त्यांची वंशावळीची वहीही विचारा. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचं सभासद रजिस्टरही बघा. आजोबांनी पिकासाठी कर्ज घेतलं असेल तर नावासमोर मयत शेरा आणि वारसाची नोंद सापडू शकते.

मोडीचं घाबरू नका. १९५५-५६ पर्यंत बऱ्याच पाटलांनी बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिहायला सुरुवात केली होती, पण जुना पाटील असेल तर मोडी निघू शकते. कुणबी नोंदींच्या वेळी जिल्हाधिकारी कार्यालयांनी मोडी वाचक बोलावले होते, त्यांची नावं अभिलेख कक्षात कळतात. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे, तिथे चौकशी केलीत तर वाचणारा माणूस भेटेल.

शहाद्याची सून

काका, एरंडोलला जाऊन आले. अर्जावर शिक्का घेतला. गावाचा रुमाल आहे. वही पाहायला दिली, तिथल्या ताईंनी स्वतः धूळ झटकून टेबलावर मांडली. १९५५ ची बाळबोध आहे, ऑक्टोबर ते डिसेंबर सगळी पानं पाहिली, आजोबांच्या नावासारखं काही नाही. १९५६ च्या शेवटाकडे हात बदलला आहे, तिथून पुढे मोडी. दोन पानं एकमेकांना चिकटलेली आहेत. मी हात लावला नाही. आता काय करू? मोडी वाचणारे आधी बघू की नक्कल आधी मागू?

जुना ग्रामसेवक, साक्री तालुका

हात लावला नाहीत ते उत्तम केलंत. चिकटलेली पानं त्यांनाच, लेखी नोंद करून, सोडवू द्या. तुमच्यासमोर फाटली तर ठपका तुमच्यावर येईल आणि ओळही जाईल.

नक्कल आधी. अर्जात तुमची ओळ मागू नका, पूर्ण पान मागा, १९५६ च्या ऑक्टोबरपासून १९५७ च्या जानेवारीपर्यंतची सगळी पानं, पुठ्ठ्याच्या मथळ्यासह. एकटी ओळ उतरवून दिली तर पुढे कोर्टात ती कोणत्या वर्षातली यावरच वाद होईल. वरखालच्या नोंदी दिसल्या की क्रम आणि तारखा आपोआप पक्क्या होतात. नकलेवर "अस्सल बरहुकूम", अधिकाऱ्याची सही, हुद्दा, तारीख आणि कचेरीचा गोल शिक्का बघून घ्या. नुसती झेरॉक्स घेऊ नका.

१९५५ च्या त्या महिन्यांचीही प्रमाणित नक्कल आत्ताच मागा. तिथे नाव नाही, हेही तुमच्या आईच्या बाजूचं आहे आणि ते कागदावर असलं पाहिजे.

नक्कल द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज द्या, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आपल्या राज्यात अर्जाचा मजकूर दीडशे शब्दांत बसवायचा असतो. उत्तराची मुदत तीस दिवस, आणि अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. आणि चिकटलेली पानं सुटून तिथेही काही निघालं नाही, तर "तपासणीअंती नोंद आढळून आली नाही" असं लेखी घ्या, कोणती वर्षं तपासली त्यांच्या उल्लेखासह. उशिरा नोंदणीचा जो रस्ता जामनेरकरांनी सांगितला, त्याला तोच कागद लागतो, आणि तेव्हा तो रस्ता धरायला माझीही हरकत नाही.

मोडीचं पान हातात आलं की नाव, गाव आणि जात झाकून इथे फोटो टाका. तारखेचा आकडा आणि महिना मी वाचून देईन, बाकीचं धुळ्याला जाऊन वाचून घ्या. शाळेचा अर्ज मात्र थांबवू नका, तो याच आठवड्यात द्या, सुट्ट्या लागायच्या आत.